नेटीबाईंचं युनिट

नेटी वोलोशिनबाईंनी इंटरनेटचा मॉडेम मागच्या अंगणात बर्फात पुरला, ही बातमी बुधवारी सकाळी थॉर्नली गावच्या कॉफीच्या टेबलावर आली. दुपारपर्यंत ती गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचली, आणि पोचेपर्यंत चांगली अंगानं भरली होती. बाईंनी म्हणे आधी तो फावड्यानं हाणला, मग पुरला, आणि वर युक्रेनियनमध्ये दोन ओळी प्रार्थनेच्याही म्हटल्या. त्यातला प्रार्थनेचा भाग माझा. बाकीचं मी जसं ऐकलं तसं पुढं दिलं.

आता खरं काय ते सांगतो. पुरला वगैरे काही नाही. बाईंनी तो टर्की भाजायच्या मोठ्या भांड्यात ठेवला, झाकण लावलं आणि भांडं मागच्या पायरीवर नेऊन ठेवलं, जिथं त्या हिवाळाभर पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, गोठवायला ठेवतात. कारण कंपनीच्या मदतीच्या फोनवर कुणी तरी त्यांना म्हणालं होतं, "तापला असेल, थोडा थंड होऊ द्या." बाहेर उणे चौतीस होतं. नेटीबाई कुठलंही काम अर्धवट करत नाहीत.

मी त्यांचा शेजारी, डॅरिल. आमच्या मागच्या दारांच्या मधे एक गल्ली आणि हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ, एवढंच अंतर. मी शाळेची बस चालवतो. सकाळी पोरं पोचवायची, दुपारी परत आणायची, आणि मधल्या वेळात गावात काय काय झालं ते गावाला कळवायचं. हे शेवटचं काम बिनपगारी आहे, पण त्यात मी कधी खाडा केलेला नाही.

नेटीबाई अठ्ठ्याहत्तरच्या. उंची बेताची, पण आवाज बेताचा नाही. तरुणपणी त्या धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर बसायच्या आणि खिडकीतून ट्रकवाल्यांना पुकारायच्या. इंजिनांच्या घरघरीवर मात करून पुकारायचं, त्यामुळे आवाज तिथंच कमावला गेला. पुढं कोठार पाडलं, आवाज राहिला. त्या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न गावानं सोडवला तो असा की दर गुरुवारी सभागृहात बिंगोचे आकडे पुकारायचं काम त्यांना दिलं. ते वर्षानुवर्षं त्यांच्याकडंच. म्हणजे मागच्या गुरुवारपर्यंत तरी.

त्यांच्या नवऱ्याचं नाव मेट्रो. आगगाडी नव्हे, माणूस. द्मित्रोचं आमच्याकडे मेट्रो होतं. मेट्रोला जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यानं केलेली वायरिंग अजून त्या घरात नांदते आहे, आणि ती गावात प्रसिद्ध आहे. स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की तळघरात उजेड पडतो. तळघरातलं बटण दाबलं की कुठं पडतो ते अजून कुणाला सापडलेलं नाही. कुणाचं बोलणं भलतीकडेच भरकटायला लागलं की आमच्या टेबलावर म्हणतात, "हा मेट्रोच्या वायरीनं चाललाय." नेटीबाईंसमोर मात्र कुणी म्हणत नाही.

मेट्रोची दुसरी आठवण म्हणजे ब्यूइक गाडी. लांब, तपकिरी, दिवाणखान्यातल्या सोफ्याला चाकं लावावीत तशी. आमच्याकडे इंजिन असलेल्या कुठल्याही वस्तूला युनिटच म्हणतात. ट्रॅक्टर घेतला तर नवं युनिट, नांगरटीच्या वेळी तो बंद पडला तर युनिट गेलं. तर नेटीबाईंचं युनिट मागच्या दाराशी उभं असतं आणि हिवाळाभर वायरीनं घराला बांधलेलं असतं. सगळ्यांचीच असतात, गोठ्यातल्या म्हशी दावणीला असाव्यात तशी. गाडीच्या नाकातून लोंबणारा प्लग घराच्या वायरीला जोडायचा, म्हणजे इंजिन गरम राहतं. नाही जोडला तर वसंत ऋतूपर्यंत चालत फिरायचं. वायरीच्या टोकाला एक बारीक नारिंगी दिवा असतो. तो लागला की समजायचं, वीज येतेय आणि जनावर खातंय.

आता बिंगोचं. जानेवारीत सभागृहातल्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटल्या, जमिनीवर आरशासारखा बर्फ झाला, आणि बिंगो पडद्यावर आला. कार्डं आधीच दुकानातून न्यायची, गुरुवारी सात वाजता आपापल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसायचं आणि नेटीबाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरातून पुकारायचं. सगळ्यांना वाटलं होतं, मजा जाणार. उलट वाढली. कारण आता बाईंना सगळ्यांची स्वयंपाकघरं दिसायला लागली.

"जी अठ्ठावन्न," त्या पुकारायच्या. "हॅरॉल्ड सांगतो ते त्याचं वय. हॅरॉल्ड, मागं ओट्यावर भांडी किती साचलीत, कॅमेरा वर कर. एन चाळीस. बाहेरचं तापमान, उणे लावून घ्या."

असं चाललं असताना मागच्या गुरुवारी घोटाळा झाला. मध्यंतरात बाई उठून गेल्या आणि पडद्यावर त्यांची रिकामी खुर्ची गोठून राहिली. आम्ही बराच वेळ त्या खुर्चीकडं बघत बसलो. शेवटी हॅरॉल्डनं टोपी काढली. मी गल्ली ओलांडून पळत गेलो तर बाई लॅपटॉपवर हात आपटत होत्या, चांगल्या ठणठणीत. मॉडेमवरचा एकही दिवा पेटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बिंगोच्या समितीत वर्ना हॉगननं हात वर केला. वर्नाच्या घरी नवी जाडजूड लाइन आली आहे, आणि ती आली आहे हे वर्नानं सगळ्यांना सांगून झालेलं आहे. ती म्हणाली, नेटीला आता त्रास कशाला, मी पुकारते. वर्ना बाई चांगली आहे, पण तिचं पुकारणं म्हणजे दंतवैद्याच्या दवाखान्यात पुढच्या पेशंटला बोलवावं तसं. ऐकल्यावर उठून जबडा उघडावासा वाटतो. समितीनं ठरवलं: या गुरुवारी नेटीचं नेट लागलं तर नेटी, नाही तर वर्ना. आणि एकदा वर्नानं घेतलं की मग वर्नाच, सारखी अदलाबदल नको.

तेव्हापासून गावाला मॉडेमशिवाय दुसरा विषय नव्हता. नाव नेटी आणि घरात नेट नाही, हा विनोद कॉफीच्या टेबलावर इतक्या जणांनी इतक्यांदा केला की शेवटी कॉफी देणारीनं त्यावर बंदी घातली. प्रत्येकाकडे निदान तयार होतं. एक म्हणाला, सूर्यावर डाग पडलेत. दुसरा म्हणाला, सांबरानं खांबाला अंग घासलं असणार. हॅरॉल्ड म्हणाला, त्यात वर्नाचा हात आहे. मी म्हणालो, असं कुणाबद्दल बोलू नये, आणि ते आणखी दोन टेबलांवर सांगून आलो.

नेटीबाईंचं स्वतःचं निरीक्षण वेगळंच होतं. "मी दुकानात जायच्या दिवशी बरं चालतं रे खोकं," त्या मला म्हणाल्या. मॉडेमला त्या खोकं म्हणतात. "परवा निघताना सगळे दिवे लागले होते. आले, कोट काढला, तर सगळे बंद. मी घरात नसलेली आवडते त्याला."

"माझ्या बायकोला पण असंच होतं," मी म्हटलं.

"तुझ्या बायकोचं मी समजू शकते."

मग त्या खसखशीच्या रोलचे काप करायला लागल्या. नेहमीपेक्षा जाड. "डॅरिल," त्या सुरीकडे बघत म्हणाल्या, "गुरुवार गेला तर मी आठवडाभर कुणाशी बोलायचं? तुझ्याशी? तुझ्याशी बोलणं म्हणजे दुकानाच्या फळ्यावर लिहिणं."

मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत.

गुरुवार उजाडला तो असा की थंडीपायी शाळेच्या बसच रद्द झाल्या. मी मोकळा. दुपारी त्यांच्या मागच्या दारानं आत शिरलो, बूट काढले, कोट खुंटीला अडकवला. त्या दाराशी एक अरुंद बोळ आहे. खाली बूट, भिंतीवर खुंट्या, खुंट्यांच्या वर फळी, फळीवर विणलेल्या रुमालाखाली मॉडेम. टर्कीच्या भांड्यातून आत आणल्यावर तो चष्म्यासारखा धुकटला होता, म्हणून बाईंनी तो रात्रभर शेगडीजवळ वाळवून पुन्हा जागेवर लावला होता. दिवा एकही नव्हता.

"बैस आणि गप्प राहा," बाई म्हणाल्या. "कंपनीला फोन लावलाय. मोठ्यानं बोलायचं बटण दाबलंय, म्हणजे मला हात मोकळे."

बराच वेळ फोनमधून संगीत येत होतं. मग एक गोड आवाज आला. बाईचं नाव ब्रॉनविन, आणि ती पश्चिम किनाऱ्यावरून बोलत होती. तिथली माणसं फेब्रुवारीत आम्हाला फोन करून सांगतात की आमच्याकडे फुलं आली. तिनंही सांगितलंच.

"आमच्याकडे चेरीला कळ्या आल्यात. तुमच्याकडे हवा कशी आहे, मॅडम?"

"आहे अजून," नेटीबाई म्हणाल्या. "नाकात जाताना टोचते एवढंच."

ब्रॉनविन हसली. सगळी चौकशी, अगदी सात वाजताच्या बिंगोचीसुद्धा, करून झाल्यावर तिनं कामाचा प्रश्न विचारला. "बरं, मला आधी सांगा, युनिट प्लगला लावलंय ना?"

नेटीबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "या थंडीत प्लगला न लावता कसं चालेल? मी काय कालची आलेय इथं?"

"नाही नाही, मॅडम, आम्हाला विचारावं लागतं. पुष्कळ लोक विसरतात."

"विसरणारे पायी फिरतात."

मला वाटलं, किती चौकस बाई आहे. कंपनीची माणसं एरवी खोक्याच्या पलीकडं बोलत नाहीत, ही गाडीचीसुद्धा विचारपूस करतेय. किनाऱ्यावर माणुसकी शिल्लक आहे म्हणायची.

"दिवा लागलाय का युनिटवर?" तिनं विचारलं.

"बघून यावं लागेल. थांबशील?"

"हो, हो. थांबते ना."

बाईंनी बूट चढवले, जाड कोट घातला, टोपी, वर शाल, हातमोजे. मग दार उघडून त्या गेल्या, आणि बोळातून थंडीचा एक लोट स्वयंपाकघरात येऊन माझ्या मोज्यांवर बसला.

"मॅडम?" ब्रॉनविन म्हणाली.

"त्या युनिट बघायला गेल्यात," मी म्हटलं. "मी शेजारी. डॅरिल."

"युनिट कुठं आहे, सर?"

"मागच्या दाराबाहेर."

"बाहेर?" तिच्या आवाजातली फुलं कोमेजली. "सर, युनिट घरात ठेवायला हवं. थंडीत त्याचं आयुष्य कमी होतं."

"ते कबूल आहे हो, पण सगळ्यांना ते परवडतं का? माझंही बाहेरच असतं. अख्ख्या गावात ज्यांची आत असतात ते चार-दोन."

"अख्ख्या गावाची युनिट्स बाहेर आहेत?"

"रस्त्यावर रांगेनं."

तिकडून नुसती टकटक ऐकू येत होती. ती टाइप करत असावी. खिडकीतून मला दिसत होतं, नेटीबाई ब्यूइकच्या नाकाशी वाकून दिवा बघत होत्या. मग एवढ्या बाहेर आलोच आहोत म्हणून त्यांनी झाडू घेऊन काचेवरचा बर्फ झाडायला घेतला. काच झाडून झाली, मग टप झाडला. बाईंचं काम म्हणजे अर्धवट नाही.

"अहो, आलं," ब्रॉनविन एकदम म्हणाली. "मला इथं दिसतंय. युनिट आलं."

मी खिडकीतून पुन्हा पाहिलं. युनिट होतं तिथंच होतं. पण तिला ते किनाऱ्यावरून दिसतंय म्हटल्यावर मला जरा संकोचल्यासारखं झालं, आणि मी केस सारखे केले.

दार उघडलं, बाई आत आल्या, बूट आपटले, कोट काढला. "नारिंगी दिवा आहे," त्यांनी बोळातूनच पुकारलं. कोठाराच्या वेळचा आवाज. "स्वच्छ पेटलाय."

"नारिंगी? मॅडम, हिरवा असायला हवा."

"नारिंगीच असतो. मेट्रोच्या वेळेपासून नारिंगी आहे."

"मेट्रोची लाइन आहे का तुमच्याकडे?" ब्रॉनविननं गोंधळून विचारलं, आणि लगेच म्हणाली, "अरेरे. गेलं."

"काय गेलं?"

"युनिट गेलं, मॅडम. आत्ता होतं, आत्ता गेलं."

नेटीबाई आणि मी दोघंही खिडकीशी धावलो. "कुठं जातंय," बाई म्हणाल्या. "इथंच आहे. पुढची दोन्ही चाकं मला दिसतायत."

यावर ब्रॉनविननं काही विचारलं नाही. तिच्या शिक्षणात ते नसावं. ती म्हणाली, "असं करू या. प्लग काढा, थोडं थांबा आणि पुन्हा लावा. पुष्कळदा एवढ्यानं काम होतं."

पुन्हा बूट, कोट, टोपी, शाल, हातमोजे. पुन्हा थंडीचा लोट. बाईंनी बाहेर जाऊन ब्यूइकचा प्लग काढला, दोन्ही हात काखेत घालून उभ्या राहिल्या, मग पुन्हा लावला. तेवढ्यात गल्लीतून हॅरॉल्ड चालला होता, त्याच्याशी थोडं बोलणं झालं. आणि फोनवर ब्रॉनविन पुन्हा म्हणाली, "आलं." बाई आत येऊन कोट काढून खुर्चीत टेकतात न टेकतात तोच ती म्हणाली, "गेलं."

असं आणखी एकदा झालं. बाई बाहेर गेल्या की येई, आत आल्या की जाई. बाईंच्या भुवयांवर बर्फ जमून पुन्हा वितळला. घड्याळ पुढं सरकत होतं, आणि मला लॅपटॉपच्या काळ्या पडद्यात वर्ना हॉगन जबडा तपासताना दिसायला लागली होती.

"तुला सांगते, डॅरिल," बाई हळूच म्हणाल्या, "बाई नेटानं काम करतेय. पण ब्यूइकचा आणि बिंगोचा संबंध काय ते मला अजून कळलं नाही."

"गाडीतूनही आता इंटरनेट येतं म्हणतात," मी म्हटलं. मी ते कुठं तरी वाचलं होतं.

"या ब्यूइकमधून फक्त वास येतो."

"मॅडम," ब्रॉनविन म्हणाली. आवाज अजून गोड होता, पण कडेनं जरा झिजला होता. "मला युनिटचा नंबर लागेल. तो खालच्या बाजूला असतो. तुम्ही युनिट उलटं करून मला तो वाचून दाखवता का?"

बाईंनी फोनकडे रोखून पाहिलं.

"उलटं?" नेटीबाई म्हणाल्या.

"हो. नुसतं उचलायचं आणि पालथं घालायचं."

"पोरी, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे."

"हलकं असतं, मॅडम. लोक एका हातानं करतात."

नेटीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या दंडांकडे पाहिलं. मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "बाई, तुमच्याकडची माणसं दणकट असतील. इथं आम्ही दोघंच आहोत. जॅक लावून एका बाजूनं थोडं उचलता येईल, पण उलटं करायचं तर ट्रॅक्टरवाला बोलवावा लागेल."

"जॅक?" ब्रॉनविन म्हणाली. आणि मग खूप हळू, प्रत्येक शब्द वेगळा करून तिनं विचारलं, "सर, आपण कुठल्या युनिटबद्दल बोलतोय?"

"ब्यूइक," नेटीबाई म्हणाल्या. "तपकिरी."

तिकडून आवाज बंद झाला. फोन तुटला नव्हता, तिनं तो आपल्याकडून झाकला होता. बऱ्याच वेळानं ती परत आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि ती सारखी माफी मागत होती. "मी मॉडेमबद्दल विचारत होते, मॅडम. मॉडेम. आम्ही त्याला युनिट म्हणतो."

"त्याला कशाला युनिट म्हणता?" नेटीबाई म्हणाल्या. "त्याला चाकं आहेत का?"

मी हसलो असतो, पण बाई घड्याळाकडे बघत होत्या. एवढी दुपार गेली होती, तीनदा बाहेर जाऊन आल्या होत्या, ती सगळी गाडीसाठी. आणि खोकं अजून तसंच मेलेलं होतं. बाहेर उजेड उतरायला लागला होता.

पण ब्रॉनविन बाई हुशार निघाली. ती म्हणाली, "एक मात्र आहे. तुम्ही गाडी बघायला गेलात की मॉडेम खरोखरच येत होता. मला दिसत होता. तीनही वेळा. बाहेर जाताना तुम्ही नेमकं काय काय करता ते मला सांगा."

"काय करणार? बूट घालते. कोट घालते. बटण लावते. दार उघडते."

"कोटाचं बटण?"

"नाही गं, गाडीचं. वायरीत वीज सोडायचं. नाही तर दिवा लागेल कसा?"

"आणि आत आल्यावर?"

"बंद करते. पूर्वी हिवाळाभर चालूच ठेवायचे. पण मागल्या आठवड्यात रेडिओवर एक माणूस सांगत होता, निघायच्या आधी थोडे तास लावलं तरी पुरतं, उगाच वीज जाळू नका. तेव्हापासून कुठं जायचं नसलं की मी बंद..."

आणि तिथं नेटीबाई थांबल्या.

त्या उठल्या, बोळात गेल्या. खुंटीवर माझा कोट होता. मी चांगला ऐसपैस माणूस आहे आणि माझा कोट माझ्यावर गेला आहे. दुपारभर बाई त्या कोटाखाली हात घालून अंदाजानंच बटण दाबत होत्या, आपलं नाक चाचपावं तसं, न बघता. आता त्यांनी कोट खुंटीवरून काढून माझ्या अंगावर टाकला. खाली मेट्रोनं बसवलेलं जुनं काळं बटण. त्यांनी ते वर केलं. फळीवर, रुमालाच्या नक्षीतून, एक दिवा लागला, मग दुसरा. त्यांनी ते खाली केलं. दिवे गेले.

"मेट्रोची वायर," मी म्हटलं. तोंडातून गेलंच. गावाची सवय.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. फळीकडे बघत होत्या. "इथं त्याचा रेडिओ असायचा," त्या म्हणाल्या. "पहाटे उठून हे बटण लावायचा आणि परत अंथरुणात यायचा. रेडिओ वाजायला लागला म्हणजे गाडीपर्यंत वीज निघाली. बाहेर जाऊन दिवा बघायला नको. मी विचारायची, गाडी गरम होतेय का रे? तो म्हणायचा, ऐक की, गातेय." त्यांनी बोटानं रुमाल सारखा केला. "रेडिओ मोडल्यावर मीच तिथं खोकं ठेवलं."

मी गावात बरंच काही सांगतो, पण मेट्रोच्या वायरीबद्दल हे मला माहीत नव्हतं. आजवर सगळ्यांनी मिळून ज्याला वेडेपणा म्हटलं ती थंडीत एकदा कमी बाहेर जायची युक्ती होती. तळघरातल्या बटणाचाही काही तरी अर्थ असेल असं आता मला वाटायला लागलं आहे.

बटण पुन्हा वर गेलं. या वेळी बाईंनी औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी आणून ते तसंच चिकटवून टाकलं. फोनमधून ब्रॉनविन म्हणाली, "आलं. आणि राहिलं." मग ती जरा घुटमळली. "मॅडम, तुम्ही मघाशी बिंगोचं म्हणालात. बाहेरच्या माणसाला येता येतं का?"

"कार्ड दुकानात मिळतं," नेटीबाई म्हणाल्या. "पण तू नुसती ऐकायला ये. फुलांबद्दल मात्र बोलायचं नाही. इथं लोकांना त्रास होतो."

सात वाजता पडद्यावर गावातली सगळी स्वयंपाकघरं उघडली. मी माझ्या घरी येऊन बसलो होतो, कार्ड पुढं, कॉफी बाजूला, आणि पोटात ती ब्यूइक उलटी करायची गोष्ट अशी काही फुगली होती की कॉफीला जागा नव्हती. वर्ना आपल्या नव्या लाइनवर एवढी स्पष्ट दिसत होती की तिच्या मागच्या बरणीवरची तारीख वाचता यावी. तिच्यापुढं आकड्यांच्या गोळ्यांचा पिंजरा तयार होता. तिनं केस करून आणले होते.

आणि नेटीबाईंची चौकट उजळली. त्यांनी पिंजरा फिरवला आणि कोठाराचा आवाज सोडला. "आय सव्वीस. वर्ना, केस छान झालेत, कुठं जायचं होतं का?"

पहिला डाव हॅरॉल्डनं जिंकला. मध्यंतर झालं. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. मध्यंतरानंतरही चौकट जागेवर होती, आणि मग वर्नाला राहवलं नाही.

"नेटी," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बरं झालं हो लागलं ते. पण मॉडेमला झालं तरी काय होतं?"

सगळी स्वयंपाकघरं थांबली. मी पुढं सरसावलो, आवाजाचं बटण दाबलं, घसा साफ केला आणि म्हटलं, "ऐका, मी सांगतो. दुपारी मी तिथंच होतो."

नेटीबाईंनी पिंजऱ्यातून गोळी काढली, चष्मा वर करून तिच्यावरचा आकडा पाहिला, आणि मग कॅमेऱ्याकडे.

"खोक्याला काही झालं नव्हतं. मेट्रोच्या वायरीलाही काही झालं नव्हतं. डॅरिलनं आपला कोट नको तिथं अडकवला होता. बी सात."